डकोटाची उजवी बाजू

बकुळ गेल्याचं त्या लोकांना मीच कळवलं. घरच्यांना, गल्लीतल्यांना, जळगावच्या माझ्या भावांना ते केव्हाच कळलं होतं. तेरावं होऊन गेलं होतं. आमची मुलगी मैत्रेयी पुण्याला परत निघाली होती आणि तिची गाडी कुठवर पोचली ते बघायला मी बकुळचा कॉम्प्युटर लावला. कोपऱ्यात निरोपांचा ढीग साचलेला.

"काकू, उजवी बाजू कुठवर आली?"

"काकू, नाराज आहात का?"

"काकू, निदान डावी बाजू तरी पाठवा. आम्ही वाट पाहून राहिलो."

मी दोन बोटांनी टाइप केलं, "बकुळ वारली. मी तिचा नवरा रत्नाकर."

मग जोडलेले हात आले, दिवे आले आणि त्यांच्या मागोमाग विमानं. वारलेल्या बाईसाठी विमानाचं चित्र पाठवतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मला राग आला. त्यांतल्या कुणी तिला डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं आणि मला त्यांतल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. आणि तरी तिच्या शेवटच्या दिवसांत ती काय करत होती ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

बकुळ विमानं रंगवायची. खरी नव्हेत. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा एक खेळ असतो, त्याला सिम्युलेटर म्हणतात. खेळ म्हटलं की ती चिडायची. त्यात विमान तयार मिळतं, पण त्याच्या अंगावरचा रंग, पट्टे, कंपनीचं नाव हे सगळं हौशी लोक आपापलं बनवतात आणि एकमेकांना देतात. त्याला ते लिव्हरी म्हणतात. गुडघे गेल्यावर बकुळला इथल्या गंगेवरच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरवेनात, कार्तिकातलं स्नान सुटलं. मैत्रेयीने स्वतःचा कॉलेजातला कॉम्प्युटर इथे आणून ठेवला होता. त्याच्यापुढे ही बसली ती बसलीच. नव्या जेट विमानांत तिला रस नव्हता. तिला जुनी हवीत, दोन इंजिनांची, आणि त्यातही डकोटा.

त्याला कारण माझे सासरे, दिनानाथराव. त्यांचं घराणं पंचगंगेवरच्या वेदपाठ्यांचं. ते सगळं सोडून त्यांनी बाबतपूरच्या विमानतळावर नोकरी धरली होती. विंध्य एअर नावाची माल नेणारी छोटी कंपनी होती, तिथे सामान चढवण्या-उतरवण्यावर ते देखरेख करत. बकुळ लहान असताना कंपनीच्या जीपमधून त्यांच्याबरोबर जायची. मग कंपनी बुडाली, विमानं कुणी नेली कुणास ठाऊक. मागे राहिला एक काळा-पांढरा फोटो. डकोटाच्या दाराशी सासरे उभे आहेत, मागे विमानाची डावी बाजू, तिच्यावर लांबलचक पट्टा. तो पट्टा लाल होता हे बकुळने मला लग्नानंतर पुष्कळदा सांगितलं होतं. भडक लाल नव्हे, गेरूसारखा.

त्याच कंपनीचं एक लहान विमान तिने आधी करून दिलं होतं, ते लोकांना फार आवडलं होतं. ही डकोटा शेवटची. डावी बाजू पूर्ण होती. उजवी कोरी होती.

निरोप पाठवल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. ग्रुप चालवणारा माणूस नागपूरचा, प्रल्हाद नावाचा.

"काका, काय बोलू? काकू म्हणजे आमच्यासाठी... मी त्यांना म्हणायचो, आमच्या नागपूरच्या भोसल्यांचा घाट आहे तुमच्याकडे गंगेवर, जरा भाडं पाठवा. तर म्हणाल्या, आधी येऊन झाडू मारून जा."

हे बोलणं तिचंच होतं. मला हसू आलं आणि लगेच त्याचा रागही आला.

"काका, एक विनंती होती," तो म्हणाला. "आम्ही जुन्या विमानांचा एक संच काढून राहिलो. त्यात काकूंची डकोटा हवी. तुम्ही फाइल पाठवा, उजवी बाजू आमच्यापैकी कुणी करून टाकेल."

"कुणी म्हणजे?"

"चांगले पोरं आहेत, काका. नाव काकूंचंच राहील, खाली लहान अक्षरात त्याचं."

"मी करतो," मी म्हणालो.

"तुम्हाला येतं?"

"येत नाही. शिकेन."

तो म्हणाला, "बरं काका. पण संच फार दिवस नाही थांबवता येणार."

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात होतो. यंत्र समजून घ्यायला मला वेळ लागतो, पण एकदा समजलं की चुकत नाही असा माझा समज होता. या कामाने तो मोडला. विमानाचं सगळं अंग कातडं सोलून पसरावं तसं एका चौकोनात पडलेलं असतं. डावी बाजू वर, उजवी खाली, नाक कुठेतरी कोपऱ्यात, शेपटी भलतीकडे. रंगाचे थर असतात, त्यांना लेयर म्हणतात. एका लेयरवर पट्टा, एकावर नाव, एकावर पत्रा जोडणारे रिव्हेट, एकावर इंजिनाच्या धुराची काजळी. बकुळने काजळीसाठीच चार-पाच केले होते. मी सरळ विचार केला की डावी बाजू उचलायची आणि उलटी करून उजवीकडे ठेवायची. ठेवली. मग ती जतन करून, सिम्युलेटर उघडून, तो उघडेपर्यंत चहा करून, पिऊन, विमानाभोवती फिरून बघितलं.

तेवढ्यात कालिंदी डबा घेऊन आली. कालिंदी बकुळची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे मंगला गौरीच्या देवळापाशी राहते. बकुळ गेल्यापासून माझं दुपारचं जेवण तिच्याकडून येतं.

"भाऊजी, पोळ्या गरम आहेत तोवर खा." मग तिने पडद्याकडे पाहिलं. "हे काय? दोन्हीकडे दार? बाबा इकडून चढून तिकडून उतरायचे का? रेल्वेचा डबा आहे का हा?"

डकोटाला मोठं दार फक्त डावीकडे असतं. ते मला तोवर सुचलंच नव्हतं.

"आणि नाव उलटं आलंय," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

"ताई असं फटाफट करायची."

"ताई नाही आता."

"मी तेच म्हणतेय ना, भाऊजी. ज्यांना येतं त्यांना देऊन टाका. उगीच दिमाग का खराब करून घेता? डोळे बघा कसे झालेत."

"तू जा, तुझी शाळेची पेन्शनवाली मंडळी वाट बघत असतील."

"जाते. भाजीत मीठ कमी आहे, वरून घ्या."

दार काढलं तर दाराच्या जागी पट्टा तुटला. पट्टा जोडला तर नाव खिडक्यांवर चढलं. नाव सरळ केलं तर नाकापाशी पोचेपर्यंत दोन्ही बाजूंचे पट्टे एकमेकांना चुकवून वर-खाली झाले. नाकाखाली ते मिळायला हवेत आणि तिथेच चित्र ताणलेलं असतं. सरळ ओढलेली रेघ विमानावर वाकडी दिसते आणि वाकडी ओढली तर आणखी वाकडी. बकुळने डावीकडची रेघ मुद्दाम कशी वळवली होती ते मी मोठं करून करून बघत राहिलो. मला ते जमेना. मी सगळं पुसायचो आणि पुन्हा सुरू करायचो. मैत्रेयीचा फोन आला की तिच्यावरच चिडायचो.

"बाबा, तुम्ही जेवता ना? मावशी म्हणते दिवसभर कॉम्प्युटरवर असता."

"मावशीला दुसरं काम नाही."

"बाबा, वो मॉनिटर कितना पुराना है, पता है? आईचे डोळेही त्यानेच गेले. मी नवीन पाठवतेय. पुराना फेंक दो."

"काही पाठवू नकोस."

तिने पाठवला. तो आला त्या दिवशी मी बकुळच्या मासिक श्राद्धासाठी घाटावर गेलो होतो. परत आलो तर कालिंदीने शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून नवा मॉनिटर लावून घेतला होता. खोली झाडली होती, टेबल पुसलं होतं. जुना मॉनिटर गल्लीत आलेल्या कबाडीवाल्याला देऊन टाकला होता.

"जागा किती झाली बघा," ती म्हणाली.

तिने चांगल्या मनानेच केलं होतं. चहा घेऊन मी फाइल उघडली. विमान समोर आलं आणि पट्टा जांभळा होता.

लालसर वगैरे नव्हे, जांभळा. लग्नाच्या बॅन्डवाल्यांच्या कोटाचा असतो तसा. मी तार काढून पुन्हा घट्ट बसवली. कॉम्प्युटर बंद करून लावला. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मॉनिटरवर बातम्या लावून दाखवल्या. बातम्या सांगणारीचं तोंड ठीक होतं, झेंडा ठीक होता. "बाबूजी, मॉनिटर तो एकदम फर्स्ट क्लास है," म्हणाला आणि गेला. मग मला वाटलं, फाइल बिघडली. माझ्या हातून काहीतरी दाबलं गेलं आणि बकुळची डावी बाजू मी नासवली. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. सकाळी प्रल्हादला फोन केला.

"काका, चित्र पाठवा. पाहतो."

पाठवलं. त्याचा लगेच फोन आला. "सगळं बरोबर आहे, काका. काहीच बिघडलं नाही."

"अरे, पट्टा जांभळा झालाय."

"हो, विंध्यचा जांभळा. काकूंचाच रंग आहे तो."

"विंध्यचा पट्टा लाल होता, प्रल्हाद. गेरूसारखा. माझे सासरे तिथे कामाला होते."

मग तो हळू बोलला, "काका, काकूंनी दोन वर्षांआधी ते लहान विमान दिलं, तेव्हापासून आमच्याकडे तो जांभळाच आहे. प्रत्येकाच्या पडद्यावर."

"तिच्या पडद्यावर लाल होता. मी रोज बघत होतो. मला रंग कळतात, रेल्वेने माझे डोळे आयुष्यभर तपासलेत."

"मग पडदा, काका," तो म्हणाला. "जुन्या मॉनिटरमधला निळा मरतो. पिवळट दिसायला लागतं सगळं. हवा तो लाल दिसावा म्हणून काकू निळा वाढवत गेल्या असतील. त्यांना तिथे लाल दिसला, आम्हाला इथे जांभळा."

"तुम्ही फोटो पाठवायचात ना तिला? उडवताना काढलेले?"

"तेही त्यांनी त्याच पडद्यावर पाहिले ना. त्यांना लालच दिसले असतील."

माझा आणि बकुळचा, दोन्ही फोन साधे, बटणांचे. दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

"आणि तुमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही?"

"एकाने एकदा लिहिलं होतं, काकू काय सुंदर जांभळा आहे. तर काकूंनी लिहिलं, डोळे तपासून घे. आम्ही हसलो, काका. आम्हाला वाटलं गंमत करून राहिल्या."

मी फोन हातात धरून बसलो. ती खरंच म्हणाली असणार, आणि मनापासून. दोन वर्षं ती त्यांना लाल विमान देत होती आणि ते जांभळं घेत होते, आणि दोघंही खूश होते.

"ठीक आहे," मी म्हणालो. "चूक कळली. आता लाल करायचा."

"काका, थोडं अवघड आहे ते."

"का?"

"काकूंचं बघून बाकीच्यांनी पण केलं ना. एकाने विंध्यची जीप केली, एकाने गोदाम, एकाने कर्मचाऱ्यांचे कपडे. सगळं जांभळं. आता विंध्य म्हटलं की लोकांना तोच रंग माहीत आहे. बदलायचा तर काहीतरी आधार लागेल. रंगीत फोटो आहे का?"

"नाही."

"कंपनीचा एखादा कागद?"

"अरे, मी सांगतोय ना! तिने सांगितलं होतं मला."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवतो, काका," तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी माया होती की मला फोन आपटावासा वाटला.

त्या दिवशी मी मैदागिनला कबाडीवाल्याकडे गेलो. जुना मॉनिटर मिळाला असता तर तिला काय दिसत होतं ते तरी नक्की कळलं असतं. नव्या पडद्यावर मी तोच रंग जुळवला असता. दुकानाच्या मागे मॉनिटरांची रास पडलेली, बहुतेकांच्या काचा फुटलेल्या. "ऊ त कब्बे टूट गयल, बाबूजी," म्हणत त्याने हात झटकले. तरी मी रास उपसली. सगळे काळे, सगळे सारखे. आमचा कुठला तेसुद्धा मला सांगता येईना.

घरी आलो आणि कालिंदीला बोलावून घेतलं.

"बस इथे. बाबांच्या विमानाचा पट्टा आठवतो?"

"लाल होता."

"कसला लाल?"

"लाल म्हणजे लाल. भाऊजी, मी तेव्हा फ्रॉक घालत होते."

मी पट्ट्याचा रंग बदलून दाखवला. "हा?"

"हा तर गॅसचा सिलिंडर."

"हा?"

"हा पोस्टाचा डबा."

"हा?"

"हा विटकरी. विमान आहे की भिंत?"

"नीट बघ, कालिंदी. हा?"

तिने मान तिरपी करून पाहिलं. "हा ठीक आहे."

"ठीक आहे म्हणजे तोच?"

"म्हणजे ठीक आहे. मला काय सपना पडलाय? गॅसवर दूध ठेवून आलेय मी, भाऊजी. एकदा तुम्हीच ठरवून टाका ना. कोण बघायला येणार आहे?"

"ती बघत होती."

"ताईने लाल सांगितला, तुम्ही लाल लावा. झालं." ती उठली. दारातून वळून म्हणाली, "तो कबाडीवाला पुन्हा आला तर विचारते त्याला."

"विचारू नकोस. फुटलाय तो."

तिचा चेहरा पडला. "मला काय माहीत, भाऊजी?"

"तुला कसं माहीत असणार," मी म्हणालो. पण ते मी नीट म्हणालो नाही, आणि ती तशीच गेली.

मग मी कालिंदीने ठीक म्हटलेला लाल पट्ट्याला दिला आणि विमान उघडून बघितलं. पट्टा बरा दिसला. पण आता पट्ट्याच्या वरच्या भागाचं पांढरं निळं दिसायला लागलं, नीळ जास्त झालेल्या धोतरासारखं. जांभळ्याशेजारी ते तसं दिसत नव्हतं. मी पांढरं बदललं. मग पत्र्याचा राखी रंग गुलाबीकडे झुकलेला दिसला. तोही बदलला. मग काजळी, मग रिव्हेट, मग दाराची कड. प्रत्येक रंग तिने त्या मेलेल्या पडद्यावर जुळवला होता आणि एक हलवला की दुसरा चुकत होता. दुपार संपेपर्यंत डाव्या बाजूवर तिने ठेवलेला एकही रंग उरला नव्हता. सगळे माझे झाले होते. आणि ते चांगलेही नव्हते.

मी काहीही जतन न करता फाइल बंद केली. पुन्हा उघडली तेव्हा विमान परत जांभळं होतं. ते बघून मला बरं वाटलं आणि बरं वाटलं याची चीड आली.

प्रल्हादला मी कळवलं की डकोटा देता येणार नाही. रंग ठरेपर्यंत फाइल माझ्याकडेच राहील. तो म्हणाला, "समजतो, काका. संच तिच्याशिवाय काढतो." मला वाटलं, विषय संपला.

रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "काका, जरा ग्रुपवर बघा. पोरांनी काहीतरी केलंय."

कालिंदी तेव्हा घरीच होती. बोलणं तुटलं तरी डबा तिने एकदाही चुकवला नव्हता. आम्ही दोघांनी बघितलं. गंगेवरून डकोटा चालली होती, खाली घाट, पंचगंगेवरची मशीद ओळखू येत होती. विमान त्यांनी आपलं आपण पहिल्यापासून रंगवलं होतं. डावी बाजू, उजवी बाजू, दार एकच, अक्षरं सरळ, नाकाखाली पट्टे बरोबर मिळालेले. पट्टा जांभळा. वैमानिकाच्या खिडकीखाली नागरीत लिहिलं होतं, "बकुळ". आणि चित्राखाली, "काकूंना आदरांजली. त्यांच्याच रंगात."

त्याखाली पन्नासेक जणांचे जोडलेले हात.

"किती सुंदर केलंय हो," कालिंदी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "ताईचं नाव बघा ना."

"रंग चुकीचा आहे."

"नाव तर बरोबर आहे?"

मी टाइप केलं, "आभारी आहे. पण विंध्य एअरचा पट्टा लाल होता. बकुळने लालच रंगवला होता." पाठवलं. थोड्या वेळाने उत्तरं आली. आणखी जोडलेले हात. एकाने लिहिलं, "काका, तुमच्या भावना समजतो." दुसऱ्याने लिहिलं, "हा जांभळा आम्ही कधीच विसरणार नाही."

मी पुन्हा लिहायला घेतलं. दोन शब्द लिहिले आणि पुसले. त्यांनी वाईट काही केलं नव्हतं. ज्या बाईवर त्यांनी माया केली तिने त्यांना हाच रंग दिला होता.

"चला भाऊजी, जेवून घ्या," कालिंदी म्हणाली. "आज मीठ बरोबर आहे."

त्यांचं विमान आता सगळ्यांकडे आहे. ग्रुपवर कुणी ना कुणी ते रोज उडवतं. बकुळची फाइल माझ्याकडे आहे. तिच्यातल्या एकाही लेयरला मी पुन्हा हात लावलेला नाही. लाल कुठला ते ठरलेलं नाही. उजवी बाजू कोरी आहे.